जुन्या गाडीच्या चाकाचा आवाज कसा शोधायचा

इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, दिल्ली, जिथे कुठे बसून ऐकत असाल तिथे तुमच्या ओळखीत एक तरी जुनी गाडी असणार. वडिलांची ॲम्बेसेडर, काकांची पद्मिनी, नाहीतर कोणीतरी लिलावात घेतलेली जीप किंवा जोंगा. आणि त्या गाडीचा मालक कधी ना कधी म्हणालेला असणार, ‘चाकातून कसलातरी आवाज येतो हो.’ आज त्या ‘कसलातरी’बद्दल बोलायचं आहे.

आधी माझी पात्रता सांगतो, म्हणजे गैरसमज नको. मी इंजिनियर नाही. साधा पदवीधर, पायदळातला माणूस. पण पलटणीत असताना दोनदा माझ्याकडे एमटीओचं काम आलं, म्हणजे गाड्यांचा सगळा ताफा माझ्या नावावर. तिथल्या हवलदारांनी आणि ड्रायव्हरांनी मला जे शिकवलं, ते कुठल्याही कोर्समध्ये मिळालं नसतं. निवृत्तीनंतर माझ्याकडे एक सीजे-३बी जीप आहे. जीपला क्लासिक कार म्हणायचं की नाही यावर आमच्या ग्रुपमध्ये भांडणं होतात. मी म्हणतो, चार चाकं आहेत, आवाज करतात, पुरे झालं.

फौजेत गाडीची तीन वेळा तपासणी होते. निघण्याआधी फर्स्ट परेड, वाटेत थांबलं की हॉल्ट परेड, परत आल्यावर लास्ट परेड. हॉल्ट परेडला ड्रायव्हर उतरला की चहाच्या आधी एक काम करायचा. चारही चाकांच्या हबला हाताची मागची बाजू लावून बघायचा. तळवा लावायचा नाही, कारण हब तापलेलं असलं तर तळवा भाजतो आणि मग स्टिअरिंग धरता येत नाही. एक हब बाकीच्या तिघांपेक्षा गरम लागलं, की तिथे काहीतरी चाललंय. आवाज ऐकू येण्याच्या पुष्कळ आधी हे कळतं. ही सवय फुकट आहे. आजपासून लावून घ्या.

आता आवाजाकडे येऊ. पहिला प्रश्न ‘कुठून येतो’ हा नाही. जुन्या गाडीचा पत्रा आवाज इकडून तिकडे नेतो, उजव्या चाकाचा आवाज डाव्या सीटखालून आल्यासारखा वाटतो. पहिला प्रश्न आहे, ‘कशाबरोबर बदलतो?’ मोकळा, सरळ रस्ता बघा, शेजारी एकाला बसवा आणि आवाज येतो त्या वेगाला गाडी न्या. मग क्लच दाबून गाडी न्यूट्रलमध्ये टाका. इंजिन बंद करू नका, फक्त न्यूट्रल. इंजिनचा वेग पडला तरी आवाज तसाच राहिला, तर तो इंजिनचा नाही. तो चाकांच्या फिरण्याशी बांधलेला आहे. इथेच निम्मं कोडं सुटतं.

दुसरं, रस्ता बदलू द्या. सिमेंटवरून डांबरावर आलात आणि आवाजाची जातच बदलली, तर तो टायरचा. जीपला एनडीएमएस नक्षीचे टायर असतील तर ते डांबरावर घोंगावणारच, तो त्यांचा स्वभाव आहे. आणि गाडी महिनाभर एकाच जागी उभी असेल, तर नायलॉनचे टायर खाली सपाट होतात. सकाळी पहिले काही किलोमीटर धब-धब होते, टायर तापला की आपोआप जाते. असा आवाज घेऊन गॅरेजला गेलात, तर तिथे पोचेपर्यंत तो गेलेला असतो आणि मेकॅनिक तुमच्याकडे संशयाने बघतो.

तिसरं, ॲक्सिलरेटर दाबा आणि सोडा. दाबल्यावर एक सूर, सोडल्यावर दुसरा सूर, असं असेल तर डिफरन्शियलच्या क्राउन-पिनियनवर संशय घ्या. दातांवर जोर कुठल्या बाजूने येतो त्याप्रमाणे त्यांचा सूर बदलतो. चाकाच्या बेअरिंगला ॲक्सिलरेटरशी फारसं देणंघेणं नसतं.

चौथी चाचणी मला सगळ्यात आवडते. रिकाम्या रस्त्यावर साधारण चाळीसच्या वेगाने गाडी हळूच डावीकडे, मग उजवीकडे झुलवा. डावीकडे वळलात की गाडीचं वजन उजव्या चाकांवर जातं. तेव्हा घरघर वाढली तर उजवीकडचं बेअरिंग आधी बघा. उजवीकडे वळताना वाढली, तर डावीकडचं. हा इशारा आहे, निकाल नाही. उलटंही निघतं कधीकधी. पण आवाज झुलवण्याबरोबर चढ-उतार करतो आणि ॲक्सिलरेटरबरोबर करत नाही, एवढं दिसलं तरी डिफरन्शियल खोलण्याची घाई टळते.

टिक-टिक किंवा ठक-ठक असेल तर मोजा. जीपचा ६.००-१६ टायर एका फेरीत सव्वादोन मीटरच्या आसपास पुढे जातो. म्हणजे ताशी ८ किलोमीटरला चाक सेकंदाला जवळजवळ एक फेरी करतं. माणसाच्या भरभर चालण्यापेक्षा थोडा जास्त वेग. त्या वेगाला सेकंदाला एक टिक आली तर ती चाकाची. टायरच्या खाचेत अडकलेला खडा असू शकतो, ढिली व्हील कॅप असू शकते, एका जागी घासणारा ड्रम असू शकतो. आणि सेकंदाला पाचाच्या वर टिका येत असतील, तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस बघा. सीजे-३बीला शाफ्ट ५.३८ वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरतं. तुमच्या गाडीचा टायर आणि हा आकडा वेगळा असेल, गणित तेच.

ब्रेकचं थोडक्यात. ब्रेक दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर लायनर संपून रिव्हेट ड्रमला लागतायत. दाबल्यावर थांबत असेल तर शू सैल आहे किंवा मागची प्लेट वाकून ड्रमला घासतेय. यात कसलंच गूढ नाही. ड्रम काढा, बघा.

आणि व्हील नट. गाडी सुटताना किंवा थांबताना एकच ‘ठक’ येतो आणि नटांभोवती गंजाचे ओघळ दिसतात, तर चाक ढिलं आहे; तिथेच थांबून आवळा. जुन्या जीपचं एक वेगळेपण तरुण पोरांना माहीत नसतं. डाव्या बाजूच्या चाकांच्या स्टडला उलटे आटे असतात, टोकावर बहुधा इंग्रजी ‘एल’ कोरलेला असतो. टायरवाला हवेची गन लावून नेहमीच्या दिशेने फिरवतो, नट सुटत नाही, तो आणखी जोर लावतो आणि स्टड तुटतो. पंक्चर काढायला गेलात की गाडीपाशी उभे राहा. चहा नंतर.

आता एक प्रत्यक्ष केस सांगतो. माझा एक जुना सहकारी इंदूरला स्थायिक आहे. त्याच्याकडे वडिलांच्या वेळची जीप आहे, माझ्यासारखीच सीजे-३बी. दोन पावसाळे ती अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. बाहेर काढली तर पस्तीसच्या पुढे घूं-घूं आवाज. एका गॅरेजने सांगितलं, ‘डिफरन्शियल गेलं, नवा क्राउन-पिनियन शोधावा लागेल.’ दुसऱ्याने न खोलता तेच सांगितलं आणि खर्चाचा आकडा पन्नास हजारांच्या घरात नेला. घरात वाद सुरू झाला. वहिनींनी बजावलं, या गाडीत मी बसणार नाही आणि नातवंडांनाही बसू देणार नाही. त्यांचं बरोबरच होतं. इंदूरहून महेश्वरला जायचं म्हणजे मानपूरच्या पुढे भेरूघाट उतरावा लागतो, ट्रकांच्या रांगेत. तिथे चाक जाम झालं किंवा निघालं तर बोलायलाच नको. एक एजंट भंगाराच्या भावात जीप न्यायला तयार होता, आणि मित्राने जवळजवळ हो म्हटलं होतं. मी म्हटलं, दोन दिवस थांब, मी येतोय.

आम्ही दोघं पहाटे रिकाम्या रस्त्यावर गेलो. न्यूट्रलमध्ये आवाज तसाच. रस्ता बदलला, आवाज तसाच. ॲक्सिलरेटर दाबून-सोडून बघितलं, सूर बदलत नव्हता. डावीकडे झुलवली की घरघर स्पष्ट वाढायची. मग दहा-बारा किलोमीटर चालवली आणि शेवटी ब्रेक न लावता गाडी आपोआप थांबू दिली. हे मुद्दाम, कारण ब्रेक लावला की ड्रम तापतो आणि हाताला फसवतो. लक्षात ठेवा, ब्रेक धरून राहिला असेल तर ड्रमचा बाहेरचा घेर जास्त गरम असतो. बेअरिंग त्रासात असेल तर मधलं हब. चारही हबला हात लावला. तीन कोमट. पुढचं उजवं असं, की हात ठेववेना.

घरी येऊन जॅक लावला. इथे जरा थांबतो, कारण इथेच माणसं जखमी होतात. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. खाली घोडी हवी, बाकीच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे हवेत. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. त्यामुळे मागचं एक चाक जमिनीवरून उचललंत तर डिफरन्शियलमुळे दुसरं चाक मोकळं फिरू शकतं, आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी चालू लागते. ठोकळ्यांशिवाय जीपखाली जाणाऱ्याला मी गाडीपाशी उभा राहू देत नाही.

चाक वर आलं की एक हात वर, एक हात खाली, घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवायचं. प्ले जाणवला तर तो बेअरिंगचा की किंगपिनचा? मित्राला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि पुन्हा हलवलं. प्ले गेला. ब्रेक दाबला की शू ड्रमला मागच्या प्लेटशी बांधून टाकतात, मग बेअरिंगचा ढिलेपणा लपतो. किंगपिनचा असता तर ब्रेक दाबूनही चाक हललं असतं. तीन आणि नऊच्या जागी धरून हलवलंत तर टाय रॉड एंड कळतात. ते ठीक होते.

चाक हाताने फिरवलं तर आत वाळू असल्यासारखी खरखर. पण पुढच्या चाकाबरोबर जीपचा पुढचा ॲक्सल आणि डिफरन्शियलही फिरतात, तेव्हा खरखर नक्की कुणाची? म्हणून हबवरची ड्राइव्ह फ्लँज बोल्ट खोलून काढली. आता चाकाचा ॲक्सलशी संबंध तुटला, ते फक्त स्वतःच्या बेअरिंगवर फिरणार. पुन्हा फिरवलं. तीच खरखर. पन्नास हजारांचं डिफरन्शियल त्या क्षणी निर्दोष सुटलं.

आतमध्ये दोन मोठे नट असतात, मध्ये वाकवलेला लॉक वॉशर. बाहेरच्या नटाच्या कडांवर छन्नीचे घाव होते. पूर्वी कोणीतरी योग्य पाना नसताना छन्नी-हातोडीने तो फिरवला होता. अशी खूण दिसली की समजायचं, ॲडजस्टमेंट अंदाजाने झालेली आहे. हब बाहेर आलं, आणि हे पाहा, हा तो कप. मी मागून घेतला त्याच्याकडून. कॅमेऱ्याजवळ धरतो. या बाजूला काळपट रेघा दिसतायत? एकसारख्या अंतरावर, पाच-सहा. ते अंतर म्हणजे रोलरमधलं अंतर. गाडी उभी राहते तेव्हा वजन खालच्या काही रोलरांवर येतं, ग्रीस तिथून दाबून बाजूला जातं, जुन्या सीलमधून पावसाळ्याची ओल आत शिरते, आणि रोलर जिथे टेकलाय तिथेच गंज धरतो. गाडी सुरू झाली की त्या रेघांवरून रोलर धडधडत जातात आणि तिथलं पोलाद पापुद्र्यासारखं सुटायला लागतं. ही एक रेघ बघा, नखाला खड्डा लागतो. चालून चालून झिजलेलं बेअरिंग असं दिसत नाही, उभं राहून खराब झालेलं असं दिसतं. ज्यांच्या गाड्या वर्षातून एकदा रॅलीपुरत्या निघतात त्यांनी हा कप नीट पाहावा. आमच्याकडे राखीव गाड्यासुद्धा ठरावीक दिवसांनी हलवल्या जायच्या, निदान चाकं दोन-चार फेऱ्या फिरतील इतक्या.

दुरुस्ती. टेपर रोलर बेअरिंगचं हेन्री टिमकेन यांचं पेटंट १८९८ सालचं. निमुळते रोलर असल्यामुळे ते गाडीचं वजनही घेतं आणि वळणातला बाजूचा जोरही. याचे दोन भाग, रोलरसकट कोन आणि बाहेरचा कप. दोन्ही एकदमच बदलायचे. नवा कोन जुन्या कपात बसवून चार पैसे वाचवणारे महिन्याभरात परत येतात. जीपमध्ये सोय अशी की पुढच्या हबमध्ये आतलं आणि बाहेरचं बेअरिंग एकाच नंबरचं आहे: कोन १८५९०, कप १८५२०. नंबर बेअरिंगवर कोरलेला असतो. दुकानदाराच्या ‘हे पण चालतं’वर जाऊ नका. आम्ही त्या चाकाची दोन्ही बेअरिंगं आणि ऑइल सील बदललं, डावं चाक उघडून धुऊन तपासलं. ते बरं होतं, फक्त ग्रीस बदललं.

कप काढताना आणि बसवताना पितळी पंच वापरा, पोलादी नको. नवा कप मी आदल्या रात्री पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायला सांगितला होता. किंचित आकसतो आणि सरळ बसतो. वहिनींनी मटारशेजारी जागा दिली, तेवढी त्यांची तोवर समजूत पटली होती. ठोकताना कान लावा. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज भरीव होतो. तिथे थांबायचं.

जुनं ग्रीस धुवायला रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेल चालतं. धुतलेलं बेअरिंग कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवण्याचा मोह टाळा. ते बिनग्रीसचं वेड्यासारखं फिरतं, खराब होतं, आणि रोलर उडाला तर डोळा जातो. नवं ग्रीस तळहातावर घेऊन कोनाची रुंद कड त्यात दाबत राहायची, रोलरांमधून दुसऱ्या बाजूने वर येईपर्यंत. लिथियम बेसचं, व्हील बेअरिंगसाठीचं ग्रीस घ्या, आणि जुन्या-नव्या जातींची सरमिसळ करू नका. हब मात्र ग्रीसने ठासून भरायचं नाही. तापलं की ते फुगतं, सील ओलांडतं आणि लायनरवर जातं. मग ब्रेक एका बाजूला ओढतात आणि तुम्ही नवा आवाज सोडून नवा आजार शोधत बसता.

शेवटी नट आवळणं, आणि सगळं काम याच्यावर आहे. जीपसाठी पद्धत अशी. एका हाताने चाक फिरवत दुसऱ्या हाताने आतला नट आवळत जायचं, चाक जड होईपर्यंत. असं केल्याने रोलर आपापल्या जागी बसतात. मग नट साधारण फेरीचा सहावा भाग मागे. चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि हलवल्यावर ठक लागता कामा नये. लॉक वॉशर, बाहेरचा नट, आणि मग पुन्हा एकदा तपासायचं, कारण बाहेरचा नट आवळताना आतला थोडा दाबला जातो. हे पटलं की वॉशर वाकवायचा. आपल्याकडे ‘घट्ट म्हणजे पक्कं’ असा समज आहे. या बेअरिंगच्या बाबतीत तो उलटा आहे. घट्ट बेअरिंग तापून निळं पडतं आणि जाम होतं. नाममात्र ढिलं वर्षानुवर्षं चालतं.

आणि हीच पद्धत डोळे झाकून ॲम्बेसेडर किंवा पद्मिनीला किंवा मॉरिसला लावू नका. काही जुन्या गाड्यांच्या हबमध्ये बॉल बेअरिंग असतात आणि मध्ये स्पेसर असतो, तिथे नट पूर्ण आवळायचाच असतो. तिथे सहावा भाग मागे घेतलात तर चाक डुलेल. त्या-त्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवा. जुन्या पुस्तकांच्या दुकानात, क्लबच्या मंडळींकडे मिळतं.

जीपचं पुढे काय झालं हे विचाराल म्हणून सांगतो. जोडणी झाल्यावर दहा किलोमीटर चालवली, हबला हात लावला, चारही सारखे कोमट. शंभर किलोमीटरनंतर चाक पुन्हा उचलून प्ले बघितला. एजंटचा फोन मित्राने घेतला नाही. त्या हिवाळ्यात ते सगळे महेश्वरला गेले. घाटाच्या आधी मानपूरला थांबले तेव्हा चहाच्या अगोदर हबला हात लावायचं काम नातवाने केलं, असं वहिनींनी फोनवर सांगितलं.

एक प्रश्न नेहमी येतो तो आत्ताच घेतो: ग्रीस किती दिवसांनी बदलायचं? गाडी नदी-नाल्यातून हबपर्यंत पाण्यात गेली असेल, तर किलोमीटर मोजू नका. घरी आल्यावर लगेच उघडा. आणि नुसतीच उभी राहणारी गाडी असेल, तर पावसाळा संपला की एकदा. दसऱ्याला नाहीतरी गाडी धुऊन हार घालताच, त्याच्या आधीच्या रविवारी चाकं उचला.